साउथॉलच्या स्वयंपाकघरातला डबा

हीथ्रो विमानतळावरून लोकलगाडीत बसले की दुसरेच स्टेशन साउथॉलचे. गाडीतून उतरलो आणि फलाटावरच्या पाटीकडे पाहिले, तर इंग्रजी नावाखाली गुरुमुखी अक्षरे. आम्ही दोघे एकमेकांकडे बघून हसलो. लंडनला आलो की लुधियान्याला, असा प्रश्न पडावा असे ते स्टेशन! नोव्हेंबर २०२५ चा पहिला आठवडा होता. दुपारचे साडेचार वाजले असतील, पण दिवस मावळून अंधार पडला होता. आमची धाकटी लेक जाड कोट घालून फलाटावर उभी होती. दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर रडत निरोप देणारी ती हीच मुलगी. आता आमच्या हातातली पिशवी ओढून घेत म्हणाली, "आई, बाबा, मफलर बांधा आधी, बोलू मग."

वाचकहो, आम्ही काही परदेशवाऱ्या करणारी माणसे नाही. आमच्यापैकी एकाने ३१ वर्षे बसमध्ये तिकिटे फाडली आणि दुसरीने अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढली. कुर्ल्याच्या दोन खोल्यांत तीन मुले वाढवली, शिकवली. आयुष्यात विमानात बसू असे वाटले नव्हते. पण लेक सातासमुद्रापार दिली, तेव्हा तिचे घर एकदा डोळ्यांनी पाहून यावे म्हणून पै पै जमवून गेलो. पाहुण्यांच्या व्हिसाचेच माणशी १२७ पौंड भरावे लागले. पौंडाला ११५ रुपये धरले तर दोघांचे २९ हजारांच्या वर झाले. आणि लेकीच्या व्हिसाच्या मानाने ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च! त्या खर्चाचीच हकिकत आज सांगायची आहे, कारण आपल्या वस्त्यांतून आता परदेशातली स्थळे येऊ लागली आहेत आणि आईबाप आमच्यासारखेच अंधारात असतात.

आधी साउथॉलविषयी थोडे सांगतो. १९५० नंतर पंजाबातून आलेले कामगार इथल्या रबराच्या कारखान्यात आणि पुढे विमानतळावर राबले. त्यांनीच हे गाव वसते केले. ब्रॉडवे नावाच्या मोठ्या रस्त्यावर साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकाने लागून आहेत. फुटपाथवर गरम जिलेबी तळून देतात. कोथिंबिरीची जुडी, मेथी, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा सारे मिळते. एका चौकाजवळ चिनी देवळासारख्या छपराचे जुने थिएटर आहे, १९२९ साली बांधलेले. मराठी माणूस मात्र शोधावा लागतो. आमचे व्याही मूळचे अकोल्याकडचे. ते २००३ साली स्वयंपाकी म्हणून गेले, विहीणबाई आणि अकरा वर्षांचा मुलगा २००६ साली. तो मुलगा म्हणजे आमचे जावई. आता तो तिथला नागरिक आहे आणि विमानतळावर मालाच्या गोदामात काम करतो.

स्थळ आले ते नात्यातून. मुलगा निर्व्यसनी, शांत. दोघे फोनवर सहा महिने बोलले, मग तो येऊन भेटून गेला. सगळे जमले आणि एक दिवस विहीणबाईंचा फोन आला. "व्याहीबुवा, पोरगी तुमचीच येते ना इकडं. सुखात राहीन. व्हिसाचं तेवढं तुमी पाहा." आम्हाला वाटले, व्हिसा म्हणजे पाच-पंचवीस हजार लागतील. आम्ही "हो" म्हणून टाकले.

मग ओळखीने एका एजंटाकडे गेलो. छोटे ऑफिस, भिंतीवर विमानाचे चित्र, समोर गोड बोलणारा गृहस्थ. तो म्हणाला, "लग्न इथे करूच नका. वाग्दत्त वधूच्या व्हिसावर पाठवा, लग्न तिकडे होऊ द्या. तोच मार्ग स्वस्त." आपली फी त्याने साठ हजार सांगितली. आम्ही दहा हजार आगाऊ देऊनही आलो. घरी लेक म्हणाली, "बाबा, थांबा. इंग्लंडच्या सरकारनेच सगळे दर जाहीर केलेले आहेत. मी वाचते." ती लॅबमध्ये कामाला होती, आकड्यांची सवय. तिने जुनी वही घेतली आणि रात्रभर बसून हिशेब मांडला.

तो हिशेब जसाच्या तसा देतो. हे दर ९ एप्रिल २०२५ पासूनचे. लग्न भारतात करून पत्नी म्हणून अर्ज केला तर अर्जाची फी १,९३८ पौंड. त्याशिवाय तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी आरोग्य आकार वर्षाला १,०३५ पौंड. व्हिसा मिळतो ३३ महिन्यांचा, पण आकार तीन वर्षांचा घेतात, म्हणजे ३,१०५ पौंड. बेरीज ५,०४३ पौंड. आपल्या पैशात पावणेसहा लाखांच्या वर.

आता एजंटाचा 'स्वस्त' मार्ग. वाग्दत्त वधूच्या व्हिसालाही तेच १,९३८ पौंड. तो व्हिसा सहा महिन्यांचा, त्यात नोकरी करायला बंदी. तिथे लग्न झाले की पुन्हा नवा अर्ज, त्याचे १,३२१ पौंड आणि अडीच वर्षांचा आरोग्य आकार २,५८७ पौंड ५० पेन्स. एकूण ५,८४६ पौंड ५० पेन्स. म्हणजे आठशे पौंडांनी, आपल्या नव्वद हजारांहून अधिक रुपयांनी महाग! आणि तोवर पोरीला एक पैसा कमावता येणार नाही. आम्ही दहा हजार परत मागायला गेलो तेव्हा त्या गृहस्थाला आमची ओळखही लागेना. ते पैसे गेले ते गेलेच. पण पुढचे पन्नास हजार वाचले.

पावणेसहा लाखांचा आकडा ऐकून आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवले नाही. निवृत्तीचा शिल्लक पैसा लग्नासाठी ठेवलेला. शेवटी हातातल्या पाटल्या गहाण टाकायचे ठरले. पाटल्या डब्यातून काढून रुमालात बांधल्या, तेव्हा लेकीने तो रुमाल हातातून घेतला. म्हणाली, "आई, हा हुंडाच आहे. फक्त पौंडात आहे." आम्ही गप्प झालो. सभांतून हुंड्याविरुद्ध भाषणे ऐकली, टाळ्या वाजवल्या, थोरलीच्या लग्नात एक रुपया दिला नाही म्हणून छाती काढून चाललो, आणि आता त्याच गोष्टीला 'व्हिसा' असे नाव दिले म्हणून ओळखले नाही! १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा मागणे हाच गुन्हा आहे. 'तिकडच्या खर्चाचे तुम्ही बघा' हे मागणे नाही तर काय?

लेकीने मुलाला फोनवर स्पष्ट सांगितले. "माझ्या आईच्या पाटल्या विकून मी तुमच्या घरी येणार नाही. खर्च आपल्या दोघांचा आहे, आपण दोघे करू. जमत नसेल तर आत्ताच सांगा." त्यानंतर आठ दिवस फोन नाही. ते आठ दिवस आम्ही कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक. नात्यात पत्रिका वाटायची वेळ आलेली, आणि लग्न मोडले असेच आम्ही धरून चाललो होतो. नवव्या दिवशी मुलाचाच फोन आला. आईशी भांडून नव्हे, बोलून त्याने ठरवले होते. अर्जाची फी त्याची. आरोग्य आकार दोघांनी निम्मा निम्मा, तिचा हिस्सा तिच्या पगाराच्या शिलकीतून. आम्ही लग्न आणि विमानाचे तिकीट करायचे. घाईने निकाल हवा असेल तर आणखी ५०० पौंड भरता येतात, ते दोघांनीही नको म्हटले. "थांबू की," लेक म्हणाली.

पण नुसते पैसे भरून भागत नाही. बायकोला बोलावणाऱ्याची कमाई वर्षाला किमान २९,००० पौंड हवी. २०१२ च्या जुलैत हा आकडा १८,६०० होता, ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० झाला. आता गंमत पाहा. एप्रिल २०२५ मध्ये तिथले किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होते. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे राबले तरी त्या दराने हाती २५,३९६ पौंडच येत होते. म्हणजे किमान वेतनावर पूर्णवेळ घाम गाळणाऱ्या कामगाराला त्याच्याच देशात बायको आणता येत नाही! ज्याच्या बँकेत सहा महिने ८८,५०० पौंड पडून आहेत त्याला मात्र कमाई दाखवायची गरज नाही. आमच्या जावयाने सहा महिने रात्रपाळ्या आणि रविवार करून पगार वर नेला, कारण सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचे उतारे जोडावे लागतात. लग्नाला आला तेव्हा डोळे खोल गेले होते. बायका कुजबुजल्या, "मुलगा आजारी आहे का?" आम्हाला कारण माहीत होते.

एप्रिल २०२५ च्या शेवटच्या रविवारी विहारात लग्न झाले. इथे आणखी एक सूचना करतो. विहारातला दाखला आपल्याला प्रिय असला, तरी व्हिसासाठी सरकारी नोंदणीचा दाखला लागतो. महापालिकेच्या विभाग कार्यालयात तीन साक्षीदार घेऊन लगेच नोंदणी करावी. नावाचे स्पेलिंग शाळेच्या दाखल्यात, आधारात आणि पासपोर्टात एकच आहे का, ते आधी तपासावे. त्याखेरीज ठरवून दिलेल्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढून क्षयरोग नसल्याचा दाखला, इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची प्राथमिक परीक्षा, राहायला पुरेशी जागा असल्याचा पुरावा, आणि लग्न खरे आहे याचा पुरावा हवा. फोटो, फोनच्या नोंदी, विमानाची तिकिटे, सारे जोडले. आपले लग्न खरे आहे हे परक्या अधिकाऱ्याला पटवायचे म्हणजे मनाला लागतेच. अर्ज फेटाळला तर आरोग्य आकार परत मिळतो, अर्जाची फी मात्र बुडते. मेच्या मध्यावर अर्ज गेला, ऑगस्टच्या अखेरीस निकाल आला आणि सप्टेंबरमध्ये लेक उडाली.

साउथॉलला असताना एकदा शेजारच्या एका वृद्ध पंजाबी बाई चहाला आल्या. बोलता बोलता त्यांनी १९७९ सालची गोष्ट काढली. त्या जानेवारीत एक भारतीय शिक्षिका आपल्या नियोजित पतीशी लग्न करायला हीथ्रोवर उतरली. तेव्हा वाग्दत्त वधूला आधी व्हिसा काढावा लागत नसे. ती खरेच अविवाहित आहे का, हे ठरवण्यासाठी अधिकाऱ्यांनी तिची कौमार्य चाचणी करवली. वर्तमानपत्राने ही गोष्ट बाहेर काढली, संताप उसळला आणि ती प्रथा बंद झाली. पुढे २०११ साली जुन्या सरकारी कागदांवरून उघड झाले की अशी किमान ऐंशी प्रकरणे घडली होती, भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही. नंतर दुसरा नियम आला. बाहेरून येणाऱ्या नवऱ्याने लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात शिरणे हा नाही, हे स्वतःच सिद्ध करायचे. तो नियम १९९७ साली रद्द झाला. त्या बाई म्हणाल्या ते आम्ही विसरणार नाही. "तेव्हा शरीर तपासत होते, मग मन तपासत होते, आता खिसा तपासतात." फी ही अर्ज तपासण्याच्या खर्चापेक्षा जास्त असते, हे तर तिथल्या सरकारच्याच आकड्यांवरून कळते. आरोग्य आकार २०१५ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. नऊ वर्षांत तो पाचपटीच्या वर गेला. एकट्या इंग्लंडची ही गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियात जोडीदाराच्या व्हिसाला तिथले नऊ हजार डॉलरच्या वर लागतात.

आता त्या डब्याची गोष्ट. लेकीच्या स्वयंपाकघरात डाळ-तांदळाच्या बरण्यांच्या रांगेत एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे. त्यावर चिकटपट्टी लावून तिने मराठीत लिहिले आहे, 'जून २०२८'. आम्ही विचारले, हे काय? ती म्हणाली, "तेव्हा माझे ३३ महिने संपतात. पुन्हा १,३२१ फी आणि २,५८७ पौंड ५० पेन्स आरोग्याचे. मिळून ३,९०८ पौंड ५० पेन्स. महिन्याला ११९ पौंड बाजूला पडले तर जमते." त्यानंतर, पाच वर्षे पूर्ण झाली की कायम राहण्याचा अर्ज, त्याची २०२५ सालची फी ३,०२९ पौंड. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत २०२५ च्या दरांनी बेरीज केली तर ११,९८० पौंड ५० पेन्स. पावणेचौदा लाख रुपये! आणि पुढे दर वाढले तर हिशेब आणखी वाढणार. ती तयार जेवणाच्या एका कारखान्यात पहाटे सहाला कामावर जाते. लॅबच्या पदवीला तिथे मान्यता मिळवण्याची खटपट चालू आहे. पत्नीच्या व्हिसावर पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, सरकारी दवाखान्यात उपचार मिळतात. सरकारी मदतनिधी मात्र मिळत नाही.

तिथे एक दिवस विहीणबाईंशी मोकळे बोलणे झाले. भाकरी थापता थापता त्याच म्हणाल्या, "ताई, तुमच्या पोरीचा मले राग आला होता. मी आली तेव्हा माह्या बापानं दोन एकर वावर इकलं. मले वाटलं असंच असते. पोरीकडचेच देतात." थोडा वेळ थांबून पुढे म्हणाल्या, "बाप मेला तरी ते वावर परत आलं नाही." आम्हाला काय बोलावे सुचेना. ज्या बाईला आम्ही मनातल्या मनात लोभी म्हणत होतो, तिच्या उरात हे दुःख वीस वर्षे पडून होते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावी. व्हिसा नवऱ्याच्या नावावर अवलंबून असतो, म्हणून 'व्हिसा रद्द करीन' अशी धमकी देऊन बायकोला कोंडणारेही आहेत. आपल्या मुलींना सांगून ठेवा, की छळामुळे लग्न मोडले तर तिला स्वतःच्या नावाने तिथे कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो, आणि तोवर तीन महिने सरकारी मदत मिळण्याची सोयही मागता येते. संकटात ९९९ हा पोलिसांचा नंबर फिरवावा. याच साउथॉलमध्ये १९७९ साली स्थापन झालेली 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संघटना अशा बायकांसाठी लढत आली आहे. मुलीचा पासपोर्ट तिच्याच ताब्यात असावा, आणि तिचे बँकेचे खाते तिच्याच नावे असावे.

परदेशातले स्थळ आले तर नाकारा असे आम्ही म्हणत नाही. पण 'हो' म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा. मुलगा तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी आहे का? त्याची कमाई कागदावर किती? व्हिसाचे पैसे कोण भरणार, पहिल्या वेळेचेच नव्हे, तर पाच वर्षांचे? आणि मुलीला हे सगळे आकडे माहीत आहेत का? एजंटाच्या तोंडाकडे पाहू नका, सरकारने छापलेले ताजे दर पाहा. इंग्लंडमध्ये असा सल्ला देणाऱ्याला सरकारी नोंदणी लागते, ती आहे का तेही विचारा. घरातली शिकलेली पोरगी हा हिशेब करू शकते, तिला वही-पेन्सिल द्या.

निघायच्या सकाळी आमच्याकडे ऐंशी पौंड उरले होते. ते लेकीच्या हातात ठेवू लागलो, तर तिने मुठीच मिटून घेतल्या. "बाबा, घरी जाऊन आईला चष्मा करा," म्हणाली. आम्ही बॅगा उचलल्या. मागे वळून पाहिले तर विहीणबाई ओट्याशी उभ्या होत्या. साडीवर घातलेल्या स्वेटरच्या खिशातून त्यांनी वीस पौंडांची नोट काढली, 'जून २०२८' चा डबा उघडला, नोट आत टाकली आणि झाकण घट्ट लावले. कुणी काही बोलले नाही. पाटल्या आजही आमच्या घरी आहेत.